पिकाचूचा पहिला बोलपट

पोकेमॉन या नांवाशीं ज्यांचा परिचय नाहीं असे वाचक या मासिकाला पुष्कळ असतील, आणि ज्यांचा आहे त्यांचा तो बहुधा घरांतल्या मुलांच्या हट्टापुरताच असेल. तेव्हां त्या नांवाच्या एका बोलपटाला या पृष्ठांवर जागा कां द्यावी, याचा खुलासा आम्हांला प्रथम करणें भाग आहे. खुलासा साधा आहे. गेल्या श्रावणांतल्या एका रविवारीं, पावसाची झोड अशी कीं अंगणांत पाऊल टाकवेना, तेव्हां कोल्हापुरांतील आमच्या घरीं शेजारपाजारचीं सहा-सात मुलें जमलीं व त्यांनीं हा बोलपट लावला. आम्ही वर्तमानपत्र तोंडापुढें धरून बसलों होतों. अर्ध्या तासानें तें खालीं ठेवलें. चित्र संपल्यावर मुलें चिवड्याच्या ताटल्यांकडे वळलीं, परंतु त्यांतली सात वर्षांची एक मुलगी आमच्याजवळ येऊन विचारूं लागली, "आजोबा, म्यूटूची आई कोण?" आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. ज्या कृतीपुढें सात वर्षांच्या मुलीला असा प्रश्न पडतो, ती कृति टीकाकाराच्या कक्षेबाहेरची मानणें आम्हांला योग्य वाटेना. पुढील पंधरवड्यांत तो बोलपट आम्हीं आणखी दोनदां पाहिला. एकदां पुन्हां इंग्रजींत, आणि एकदां मूळ जपानींत, खालीं उमटणाऱ्या भाषांतराच्या आधारानें.

हा सारा प्रपंच कोठून आला तें थोडक्यांत सांगतों. सातोशी ताजिरी नांवाच्या जपानी गृहस्थाला लहानपणीं किडे पकडण्याचा नाद होता. तोक्योच्या आसपासचीं शेतें व डबकीं बुजून तेथें इमारती उठल्या. हा आनंद पुढच्या मुलांना मिळावयाचा नाहीं या हळहळींतून त्याला एक यांत्रिक खेळ सुचला. १९९६ च्या फेब्रुवारींत तो जपानांत विक्रीस आला. त्यांत १५१ काल्पनिक प्राणी. ते रानांत हिंडून पकडावयाचे, एका चेंडूंत बंद करून बरोबर न्यावयाचे, वाढवावयाचे, दुसऱ्याच्या प्राण्यांशीं झुंजवावयाचे, आणि सोबत्याशीं त्यांची अदलाबदलही करावयाची. १९९७ च्या एप्रिलमध्यें त्यावरून चित्रमालिका निघाली. आमच्याकडे ती २००३ मध्यें दूरचित्रवाणीवरून आली. त्या वेळीं ती पाहण्यासाठीं शाळेंतून धांवत येणारीं मुलें आज स्वतः आईबाप झालीं आहेत.

किड्यांच्या या गोष्टीला आमच्या पिढीनें तरी हंसण्याचें कारण नाहीं. बाभळीवरचा सोनकिडा काडेपेटींत ठेवून, त्याला पाला घालून, त्याच्या हिरव्यासोनेरी पाठीवरून बोट फिरवीत आम्हीं वर्गाच्या मागच्या बांकावर कित्येक तास काढले आहेत. ज्याच्या पेटींत दोन सोनकिडे त्याची प्रतिष्ठा वेगळी. एका किड्याला चार गोट्या हा त्या काळचा भाव. मात्र चार दिवसांनीं पेटी उघडावी तों आंत किडा मेलेला असावयाचा, आणि मग मालकाचें तोंड पाहण्यासारखें होई. ताजिरीच्या खेळांत असें होत नाहीं. तेथील प्राणी हरले म्हणजे मूर्च्छित पडतात आणि औषधोपचारानें पुन्हां टवटवीत होतात. मुलांच्या काडेपेटींतून मरण काढून टाकलें, यांतच त्या व्यापाराच्या यशाचें अर्धें मर्म आहे असें आम्हांस वाटतें.

मुलांच्या वेडावर जगणाऱ्या व्यापाराविषयीं आमचें मत मवाळ नाहीं. पुडींतून निघणाऱ्या रंगीत चकत्यांसाठीं वेफर कुत्र्यापुढें ओतणारीं मुलें आम्हीं याच गल्लींत पाहिलीं आहेत. याच मालिकेचा एक भाग १६ डिसेंबर १९९७ रोजीं जपानांत दाखविला गेला, तेव्हां त्यांतल्या तांबड्या-निळ्या प्रकाशाच्या झपाट्यानें मुलांना झटके आले व सुमारें ६८५ जणांना रुग्णालयांत न्यावें लागलें. त्यानंतर सुमारें चार महिने ती मालिका बंद होती. अमेरिकेंत या बोलपटाच्या तिकिटाबरोबर खेळाचे पत्ते वांटण्यांत आले, म्हणजे तिकीट हीच दुकानाची पायरी. तेव्हां आरंभीं आमचें मन या कृतीच्या विरुद्धच होतें हें कबूल करतों. माल खपविण्यासाठीं काढलेल्या जाहिरातींत, मालकाच्या नकळत म्हणा कीं लेखकाच्या हट्टानें म्हणा, एक खरी गोष्ट शिरून बसली आहे, हें आम्हांला सावकाश पटलें.

ती गोष्ट अशी. म्यू हा अतिप्राचीन आणि कोणाच्या दृष्टीस न पडणारा प्राणी. त्याच्या एका अवशेषापासून शास्त्रज्ञ प्रयोगशाळेंत त्याची अधिक बलवान प्रतिकृति निर्माण करतात, तीच म्यूटू. कांचेच्या नळकांड्यांत, पाण्यांत तरंगत तो डोळे उघडतो आणि त्याच्या मनांत पहिला विचार येतो तो हा, कीं मी कोण, मी येथें कां, आणि मला कोणीं उत्पन्न केलें. शास्त्रज्ञ आनंदानें सांगतात कीं तूं आमच्या प्रयोगाचें फळ आहेस, आणि लागलीच पुढच्या प्रयोगाची तयारी करूं लागतात. नवजात प्राण्याला एवढें पुरेसें होतें. तो ती प्रयोगशाळा जाळून टाकतो. मग एक धनाढ्य दुष्ट त्याला आसरा देतो, अंगावर चिलखत चढवितो, झुंजींत उतरवितो, आणि एके दिवशीं सांगून टाकतो कीं तुझा जन्म माझ्यासाठीं लढण्याकरितांच आहे. दुसरें घरही जळतें. यापुढें म्यूटू एका निर्जन बेटावर किल्ला उभारतो, उत्तमोत्तम शिक्षकांना निमंत्रण धाडतो, वाटेंत स्वतःच वादळ उठवितो, आणि तें ओलांडून जे पोंचतात त्यांच्या प्राण्यांच्या प्रतिकृति काढून अस्सल व नक्कल यांची झुंज लावतो.

१९९७ च्या आरंभीं स्कॉटलंडांतील डॉली मेंढीची वार्ता जगभर झाली होती आणि हा बोलपट जपानांत १८ जुलै १९९८ रोजीं लागला. दिग्दर्शक कुनिहिको युयामा यांनीं किंवा कथालेखक ताकेशी शुदो यांनीं ती मेंढी समोर ठेवली होती असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मेंढीविषयीं जो प्रश्न विद्वानांच्या परिषदांत कोणीं मेंढीच्या बाजूनें विचारला नाहीं, तो येथें विचारला गेला एवढें खरें. पहिलीं दहा-पंधरा मिनिटें तर बालवाङ्मयाच्या कोणत्याही तराजूंत टाकावीं. त्यांत विनोद नाहीं, गाणें नाहीं, मुलांचा लाडका पिकाचूही नाहीं. म्यूटूचा जपानी आवाज मासाचिका इचिमुरा या रंगभूमीवरील नटाचा आहे. त्या आवाजांत राग आहे, पण रागाच्या खालीं एक पोरकेपणा ऐकूं येतो; नाटकाच्या गांवांत वाढलेल्या आमच्या कानांनीं तो लगेच ओळखला.

येथें वाचकांस सांगितलें पाहिजे कीं या एका नांवाखालीं वस्तुतः दोन बोलपट आहेत. १९९९ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत जो लागला, आणि आपल्याकडे ज्याची इंग्रजी प्रत घरोघरीं फिरली, त्याचीं चित्रें बहुतेक तींच असलीं तरी संगीत नवें व संवाद पुष्कळ ठिकाणीं निराळे आहेत. भाषांतरकाराला कांहीं ठिकाणीं प्राण्यांचीं नांवेंही धड लावतां आलीं नाहींत. आमच्या घरच्या समीक्षकांनीं तीं चुकीचीं नांवें आम्हांस तत्काळ दाखवून दिलीं. पण तो दोष क्षुल्लक. खरा बदल तत्त्वाचा आहे. मूळ जपानी गोष्टींत वाद अस्तित्वाचा आहे: जो बनविला गेला तो खरा जीव कीं नाहीं? तेथें म्यूसुद्धां निर्मळ देवदूत नाहीं. अस्सल तें अस्सल, आणि अंगच्या शक्ति बाजूला ठेवून शरीरानें भिडलें तर अस्सल नकलेला हार जाणार नाहीं, असा त्याचा कुलाभिमानी दावा आहे. म्हणजे झुंज पेटविण्यांत म्यूचाही हात आहे, आणि पाहणाऱ्यांनीं हळहळून म्हणावें कीं बनविलेला असला तरी तोही जीवच, असा प्रसंग आहे. इंग्रजींत म्यूच्या त्याच वाक्याच्या जागीं खरें बळ अंतःकरणांतून येतें असें सुभाषित घातलें आहे. एका वाक्यानें अपराधी साधु झाला, आणि म्यूटू निव्वळ खलपुरुष ठरला.

याहून मासलेवाईक उदाहरण त्या बोलक्या मांजराचें. सारे अस्सल व नक्कल प्राणी एकमेकांना बडवीत असतां मियाउथ नांवाचें मांजर आपल्या प्रतिकृतीसमोर येतें. दोघेंही पंजे उगारतात, आणि मारलें तर दुखेल म्हणून खालीं घेतात. जपानी मांजर पुढें बोलतें तें इतकेंच, कीं आजचा चंद्र वाटोळा असेल. इंग्रजी मांजर मात्र आपणां दोघांची पृथ्वी एक, हवा एक, आकाश एक, तेव्हां भेद विसरावे अशा अर्थाचें प्रवचन करतें. प्रवचन चांगलें आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनांत टाळ्या घेईल. पण दोन शत्रूंनीं हाणामारी सोडून चंद्राविषयीं बोलावें यांत जें आहे तें त्या प्रवचनांत नाहीं. आणि त्याच प्रसंगावर इंग्रजी प्रतींत बंधुभावाचें एक गाणें पसरलें आहे, म्हणजे मुलाला काय वाटावें तें चित्रानें सांगितलें, मांजरानें सांगितलें, वर गवयानेंही सांगितलें. मुलांना एकदां सांगून कळत नाहीं असा ज्यांचा समज आहे त्यांनीं मुलांसाठीं लिहूं नये.

भांडणें वाईट, हा जो बोध इंग्रजी प्रतीनें चिकटविला आहे, तो आणखी एका कारणानें फसतो. ज्या खेळाचा सारा जीव झुंजींत आहे, त्याच्या बोलपटानें झुंज निषिद्ध ठरवावी, आणि बाहेर पडतांच मुलांनीं झुंजीचे पत्ते हातीं घ्यावे! आमचे एक वृद्ध स्नेही, जन्म तालमींत गेलेले, त्या रविवारीं आमच्याकडे होते. ते म्हणाले, "हें पोरांना कोंबडे झुंजवायला शिकवणं आहे, दुसरं काय?" शब्द कठोर, परंतु त्यांनीं नेमकें बोट ठेवलें. खासबागेच्या मैदानांत पैलवान उतरतो तो आपल्या पायांनीं. माती अंगाला लावतो ती आपल्या हातांनीं. सलामी देऊन भिडतो आणि निकाल लागला कीं त्याच हातानें हात मिळवितो. तेथें झुंज आहे पण भांडण नाहीं, हें या शहरांतल्या शेंबड्या पोरालाही शिकवावें लागत नाहीं. पोकेमॉनचा शिक्षक रिंगणाबाहेर उभा राहून आज्ञा देतो आणि मार दुसरा खातो. याचें साम्य कुस्तीशीं नाहीं. असलेंच तर साठमारीशीं आहे. माजलेला हत्ती, त्याला डिवचणारे साठमार, आणि निसटण्यासाठीं दगडी बुरूज: ती साठमारीची जागा या शहरांत अजून दाखवितात. संस्थानच्या चित्तेखान्यांत आफ्रिकेंतून आणविलेले चित्ते डोळ्यांवर झांपड घालून शिकारीस नेत आणि काळवीट दिसतांच झांपड काढीत, हीही याच मातींतली गोष्ट. आमच्या आजोबांच्या पिढीनें हें कौतुकानें सांगितलें व आम्हीं कौतुकानें ऐकलें. बैलगाडा शर्यती २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरांत पुन्हां होऊं दिल्या, आणि २०२३ मध्यें राज्याचा कायदाही मान्य केला. या सर्व काळांत बैलाच्या मतासंबंधीं कोणाला शंका आली नाहीं. दोन्ही पक्षांना तें ठाऊकच होतें.

म्यूटूच्या मुखीं जो प्रश्न आहे तो या ठिकाणीं येऊन टेंकतो. माणसाच्या बरोबर राहणारे प्राणी हे गुलाम होत, असें तो म्हणतो. उत्तर मिळतें कीं गुलाम नव्हेत, मित्र. उत्तर गोड आहे, पण मित्राला चेंडूंत बंद करून कमरेला कां लावतात याचें स्पष्टीकरण कोणी देत नाहीं. याला अपवाद एकटा पिकाचू. मूळ मालिकेच्या पहिल्या भागापासून तो चेंडूंत शिरण्यास नाकारतो व अ‍ॅश नांवाच्या त्या मुलाच्या खांद्यावर बसून हिंडतो. मुलांचें सर्वांत जास्त प्रेम त्याच्यावरच बसलें याचें कारण केवळ त्याचे गुबगुबीत गाल नसावें. या बोलपटांत म्यूटूचे काळे चेंडू पिकाचूमागें लागतात आणि तो जिने चढत, धापा टाकीत पळत सुटतो, तो भाग पाहतांना खोलींतलीं सगळीं मुलें गप्प झालीं. कधींही न पकडलेला प्राणी पकडला जाणार याची ती भीति होती. त्यानंतर प्रतिकृति-पिकाचू त्याच्या तोंडांत मारीत राहतो, आणि हा मार खातो पण हात उचलीत नाहीं. कोणी आज्ञा दिली नाहीं म्हणून नव्हे; लढावयाचें नाहीं हें त्यानें स्वतः ठरविलें म्हणून. आमच्या मतें साऱ्या बोलपटांत निर्णय असा हा एकच आहे, आणि तो बोलतां न येणाऱ्या प्राण्याचा आहे.

२०२५ च्या जुलै महिन्यांत नांदणी मठाची माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानें जामनगरच्या वनतारा केंद्रांत नेली, तेव्हां या जिल्ह्यांतलीं गांवेंच्या गांवें रस्त्यावर येऊन रडलीं. तिचें हित कोठें आहे हा वाद न्यायालयांत झाला आणि चावडीवरही झाला. दोन्हीकडचे लोक तिच्याच वतीनें बोलत होते. त्या दिवसांत घरांतल्या मोठ्यांना जो प्रश्न सुटत नव्हता तो या मुलांच्या चित्रांत असा समोर यावा, याचें आम्हांस नवल वाटलें.

आतां दोषांकडे वळूं. मोठा दोष शेवटाचा. म्यू आणि म्यूटू यांच्या माऱ्यामध्यें अ‍ॅश धांवत जातो व पाषाण होऊन पडतो. ज्या खेळांतून मरण हद्दपार झालें होतें तेथें तें एकाएकीं परत येतें. पिकाचू आपल्या विजेच्या धक्क्यांनीं त्याला उठवूं पाहतो, एकदां, दोनदां, शेवटीं ठिणगीही निघत नाहीं. इतपर्यंत प्रसंग अप्रतिम आहे. मग सारे प्राणी रडतात, अश्रूंचे प्रवाह त्या दगडी देहाकडे धांवतात, आणि मुलगा उठून बसतो. हा उःशाप कोठून आला? इंग्रजी प्रतींत बंदरावरच्या बाईच्या तोंडीं, प्राण्यांच्या अश्रूंनीं पूर्वीं मेलेले जिवंत झाल्याची दंतकथा आरंभींच घालून ठेवली आहे. तें ठिगळ दिसतें. परंतु याचें खरें बीज दुसरीकडे आहे. १९९९ मध्यें जपानांत या बोलपटाला एक पूर्वभाग जोडण्यांत आला. त्यांत त्या मुख्य शास्त्रज्ञाची मृत मुलगी आई (जपानींत हें मुलीचें नांव आहे) हिच्या प्रतिकृतीचा जीव म्यूटूच्या शेजारच्याच नळकांड्यांत वाढतो. ती बाळ-म्यूटूला सूर्य, वारा, चंद्र यांची ओळख करून देते. तिची ज्योत मंदावूं लागते तेव्हां म्यूटू रडतो, आणि ती त्याला सांगते कीं शरीर दुखल्यावांचून इतर प्राणी रडत नाहींत, दुःखानें रडतो तो माणूसच. मग शास्त्रज्ञ औषध देऊन म्यूटूला हें सारें विसरावयास लावतात. हें एकदां पाहिलें म्हणजे शेवटचे अश्रू चमत्कार राहत नाहींत; त्या मुलीच्या समजुतीला दिलेलें तें उत्तर होतें, आणि म्यूटू कां थबकतो हेंही कळतें. अमेरिकेच्या चित्रगृहांत हा भाग दाखविला नाहीं. इमारतीचा पाया काढून कळसाला रंग देण्याचा हा प्रकार झाला.

दुसरा दोष, सर्वांची स्मृति पुसून म्यूटू निघून जातो तो. उद्यांची मालिका आज होती तशीच चालूं राहावी ही त्यांतली दुकानदारी उघड आहे. चित्रकलेविषयीं थोडेंच लिहितों. वादळ, समुद्र आणि किल्ल्याच्या पोकळ खोल्या यांचीं चित्रें उत्तम. माणसें मात्र मालिकेच्या काटकसरीनें रेखाटलीं आहेत, हालतात तोंडापुरतीं. २०१९ मध्यें हाच बोलपट गणकयंत्रावर नव्यानें घडविला. त्यांत केस नि केस मोजून घ्यावा, परंतु म्यूटूच्या चेहऱ्यावरचा तो रेषेचा कठोरपणा नाहींसा झाला.

आपल्याकडे काय आहे, हें वाचक विचारतील. फाळके यांनीं १९१५ मध्यें 'आगकाड्यांची मौज' करून काड्यांना चालतें केलें होतें. १९२९ मध्यें याच कोल्हापुरांत निघालेल्या व पुढें पुण्यास गेलेल्या प्रभात कंपनीनें १९३४ मध्यें 'जंबूकाका' हें कोल्ह्याचें व्यंगचित्र काढलें. आरंभ असे झाले. त्यापुढें मराठींत मुलांसाठीं हललेलीं चित्रें बोटांवर मोजावीं इतकीं, आणि त्यांत मुलाला प्रश्न पाडणारें आमच्या पाहण्यांत नाहीं. उत्तरें देणारीं आहेत.

तो पूर्वभाग मिळवून आम्हीं गेल्या आठवड्यांत त्या मुलीला मुद्दाम बोलावून दाखविला. आमच्या मनांत होतें कीं तिच्या प्रश्नाचें उत्तर आपणांस सांपडलें, आणि त्या नळकांड्यांतल्या मुलीचें नांवही योगायोगानें तसेंच पडलें आहे. तिनें सगळें शांतपणें पाहिलें. संपल्यावर आम्हीं विचारलें, "मग कळली का म्यूटूची आई?" ती म्हणाली, "ती आई नाहीं, आजोबा. ती ताई आहे." आणि मागें नेऊन तेवढाच भाग पुन्हां लावा म्हणाली.